बोनेर: मुलीला घेऊन पाण्यात उतरायचं कुठून?

फेब्रुवारीत आठ दिवस कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर जातोय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मुलगी तलावात छान पोहते, तारकर्लीला एकदा स्नॉर्केलिंगही केलंय. पण फिन्स घालून दगडांतून चालायची वेळ आली की हमखास आपटते. सासूबाईंची मजल गुडघाभर पाण्यापर्यंत.

पश्चिम किनाऱ्याला रस्त्याकडेचा पिवळा दगड (पाण्यात उतरायच्या जागेची खूण) दिसला की गाडी लावायची आणि थेट समुद्रात, एवढं कळलंय. पण फोटोंत काठावर सगळीकडे मेलेल्या प्रवाळांचे टोकदार तुकडेच दिसतात. तोल गेला की पाय किंवा हात जिवंत प्रवाळावर पडायचा, तेच नकोय. (१९७९ पासून तिथे मरीन पार्क आहे, हातमोज्यांनाही बंदी.) सोरोबोनच्या किनाऱ्याला वाळू आणि उथळ पाणी आहे, पण तिथे समुद्रगवत, प्रवाळ नाही. क्लाइन बोनेर या शेजारच्या छोट्या बेटावर होडीने जावं लागतं; सासूबाईंना होडीत मळमळतं आणि तिथल्या प्रवाहाची मला धास्ती. 'थाउजंड स्टेप्स' नावाच्या किनाऱ्यावर उतरायच्या पायऱ्या प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास, तरी त्यांच्या गुडघ्यांना त्याही जास्तच.

मोठ्यांची ४० डॉलरची निसर्ग फी, झिंकचं सनस्क्रीन, लांब बाह्यांचे कपडे हे झालंय, त्यावर चर्चा नको. गाडी भाड्याची आहे.

पायाखाली वाळू, वीस-तीस मीटरवर प्रवाळ, आणि काठावर सासूबाईंना बसायला सावली, अशी जागा मुलांना घेऊन कुणी स्वतः पाहिली आहे का? आणि तिथे सकाळी पाणी शांत असतं की दुपारी?