स्पेलंकी २ : पहिल्या चार लेव्हलमध्येच आम्ही गारद

मधलीसुट्टी (धागाकर्ता)

हा व्हिडिओ गेम २०२० चा आहे, मी घेतला आत्ता सेलमध्ये. तेव्हा "आता जाग आली का" हा प्रतिसाद आला असं समजून पुढे लिहितो.

ज्यांनी हे नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चाबूक, चार बॉम्ब, चार दोर आणि चार बदाम (म्हणजे जीव) एवढ्या भांडवलावर गुहेत उतरायचं, उड्या मारत तळाचा दरवाजा गाठायचा. गुहा दर वेळी नव्याने मांडली जाते, त्यामुळे पाठांतर चालत नाही. मेलात की पहिल्यापासून. डेरेक यू या गड्याने पहिला भाग २००८ मध्ये फुकट वाटला आणि २०१२ मध्ये तोच नटवून-सजवून एक्सबॉक्सवर आणला. तो मी मनसोक्त खेळलोय. दुसऱ्या भागात पहिल्या भागातल्या टोपीवाल्या नायकाची मुलगी अ‍ॅना आईवडिलांना शोधायला चंद्रावर जाते.

अकरा तास झाले. यातले जवळजवळ सगळे पहिल्याच जगात गेले, म्हणजे १-१ ते १-४ (आधी जगाचा आकडा, मग लेव्हलचा). पुढे दोन दरवाजे आहेत, एक जंगलाचा, एक ज्वालामुखीचा. दोन्हींचं दर्शन घेतलंय, मुक्काम कुठेच नाही.

कालचं एक मरण सांगतो. १-२. कड्यावर उभा राहिलो, खालचं बटण दाबून खाली डोकावलो, एक साप दिसला. साप म्हणजे किरकोळ गिऱ्हाईक. मारली उडी. समोरच्या भिंतीतून सुळ्ळकन तीर आला, दोन बदाम गेले, चक्कर येऊन आडवा. उठतोय तोवर पायाखालची माती हलली आणि चिचुंद्रीसारखा तो घूस-प्राणी वर आला, तिसरा बदाम गेला. त्याने उडवलं ते थेट खिळ्यांवर. सगळं मिळून सहा सेकंद. साप बाजूला उभा राहून बघत होता.

माझं म्हणणं एवढंच : खेळ अवघड असण्याबद्दल तक्रार नाही. अवघडपणा उंबऱ्यावर आणून ठेवलाय, त्याबद्दल आहे. पंगतीत पुरणपोळी आहे म्हणतात, पण आम्ही पानावर बसायच्या आधीच मीठ वाढणारा काठी घेऊन उभा. पहिल्या भागाच्या खाणीत वटवाघूळ, साप, कोळी यांच्यावर हात बसायचा, मग पुढे धुलाई व्हायची. इथे बालवाडीतच दहावीचा पेपर. पहिला भाग कोळून प्यायलेल्यांसाठीच हा बनवलाय की काय? आणि मी तर प्यायलो होतो असं मला वाटत होतं.

डबलउडी

साफ असहमत.

तुमचं मरण दोनदा वाचलं. तीर स्वतःहून आला नाही, तुम्ही त्याच्या तोंडासमोरून पडलात म्हणून सुटला. तो भिंतीतला ठोकळा कड्यावरून दिसतो. आधी एक दगड किंवा मडकं खाली टाकलं असतं तर तीर त्याच्यावर गेला असता. हे पहिल्या भागातही असंच होतं. घूस मातीतून येते तेव्हा माती हललेली दिसते, हे तुम्हीच लिहिलंय. सहा सेकंदांत चार चुका आहेत आणि चारही तुमच्या. साप बिचारा निर्दोष.

पहिला भाग खेळलेल्यांनाच जास्त मार पडतो, हे माझं निरीक्षण. आपल्या बोटांना सवय लागलेली असते : साप दिसला की चाबूक, वटवाघूळ आलं की मागे सरकून चाबूक. डोकं बंद, अंगठा चालू. दुसऱ्या भागात तो शिंगवाला सरडा अंगाची गुंडाळी करून गडगडत येतो, त्याच्यावर जुन्या तालात चाबूक मारलात की गेलात. जुनी सवय मोडायची असेल तर पहिल्या जगातच मोडायला हवी. पाचव्यात मोडून काय उपयोग?

आणखी एक. लेव्हलमध्ये रेंगाळलं की मारायला भूत येतं. पहिल्या भागात ते अडीच मिनिटांनी यायचं, इथे तीन मिनिटांनी येतं. अर्धा मिनिट फुकट दिलाय. तो वापरा की. पळता कशाला?

मधलीसुट्टी

अर्धा मिनिट दिला खरा, पण घर दुमजली केलं त्याचं काय? आता दारं उघडून भिंतीमागच्या थरात जाता येतं. तिथे गुहा, तिथे दुकानं, तिथे खजिना. बघायला गेलो तर वेळ जातो, नाही गेलो तर मोकळ्या हाताने पुढे. दिवाळीला पगारवाढ आणि त्याच महिन्यात भाडेवाढ, तसं झालं हे.

आणि जेटपॅक. पहिल्या भागात तो हाती लागला की राजा झाल्यासारखं वाटायचं. इथे त्याला आग लागली की पाठीवरच फुटतो. माझ्या पाठीवर फुटला. असं सुख देऊन काढून घेणं मला रडीचा डाव वाटतो.

काडीपेटी

धाग्यावर "रेट्रो" हा शब्द अजून कोणी वापरला नाही याबद्दल अभिनंदन. एक पिक्सेल दिसत नाही सगळ्या खेळात, तरी दुकानात शिक्का तोच. २००८ चा ठोकळेदार होता, तो म्हणा रेट्रो. हा नुसता रंगीत छळ आहे.

बाकी धागाकर्त्यांना रोज एक इनो.

पिवळी कॅसेट

काडीपेटी, रेट्रो चित्रात नसतं हो, शिक्षेत असतं. मेलं की पहिल्यापासून, ही खरी जुनी चाल.

अवघड दुसऱ्या भागाचा वाद काही नवा नाही. निन्टेन्डोने १९८६ साली जपानमध्ये सुपर मारिओ ब्रदर्सचा दुसरा भाग काढला. दिसायला जवळजवळ पहिल्यासारखाच, पण विषारी मशरूम, उडी भरकटवणारा वारा, आणि शॉर्टकट म्हणून घ्यावा तर मागच्या जगात नेऊन सोडणारा पाइप. पहिला भाग संपवून बसलेल्यांसाठी उघड उघड केलेला. कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेला तो इतका छळवादी वाटला की १९८८ मध्ये त्यांनी तिथे भलताच एक खेळ मारिओचे कपडे घालून दुसरा भाग म्हणून विकला. मूळ खेळ अमेरिकेत पोचला १९९३ ला, एका संग्रहात. म्हणजे धागाकर्त्यांचा प्रश्न निन्टेन्डोच्या घरातच पडला होता : दुसरा भाग कोणासाठी?

मला विचाराल तर जुन्या भक्तांसाठीच. नवख्यांना पहिला भाग आहेच की.

पण एक कबुली देतो, माझ्याच बाजूवर उलटणारी. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, पिवळ्या कॅसेटचा. कॅसेट काढायची, फुंकायची, परत खोचायची, लाल दिवा लागला की नमस्कार. कॅसेटवर लिहिलेलं ९९९९ खेळ, त्यात खरे वेगळे दहा-बारा. काँट्रा आम्ही संपवला म्हणून गल्लीत कॉलर ताठ करून फिरायचो. कसा संपवला? वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, या क्रमाने बटणं दाबली की तीस लाइफ. तीन लाइफवर संपवलेला एकही पोरगा मी पाहिलेला नाही, आणि "आमच्या वेळी खेळ खरे अवघड होते" असं आज आम्हीच बोलतो.

लेकीची आई

पिवळी कॅसेट यांच्या शेवटच्या ओळीला +१.

मी हा खेळ नऊ वर्षांच्या लेकीबरोबर खेळते, एकाच सोफ्यावर. पहिला भाग दोघींनीही पाहिलेला नाही. अ‍ॅना मुलगी आहे आणि आईला शोधतेय, एवढ्यावर लेकीने खेळ पसंत केला.

डबलउडी म्हणतात त्या सवयी तिला नाहीतच. ती चालते आजीसारखी. प्रत्येक कड्यावर थांबून डोकावते, हातात कायम काहीतरी धरलेलं, बहुतेक वेळा तो पग कुत्रा. त्याला दारापर्यंत सुखरूप नेलं की एक बदाम मिळतो, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. मला तिने सांगितल्यावर कळलं. १-४ च्या तळाशी तो काटेरी पाठीचा दांडगा क्विलबॅक असतो ना, त्याच्याशी ती लढलीच नाही. वरच्या कठड्यावर बसून राहिली. तो स्वतःच्या तोऱ्यात गडगडत भिंती फोडत पलीकडे गेला, आणि ही मागून दोर सोडून दारात. मी तोवर मेलेली, भूत होऊन वर तरंगत होते. मला मारलं तिनेच, चाबकाने, चुकून. "चुकून" हे तिचं म्हणणं.

तरीही मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. लेकीला संयम आहे तशी सुट्टीही आहे. मला रात्री भांडी झाल्यावर चाळीस मिनिटं मिळतात. आपल्या खेळांत एक कच्चा लिंबू असायचा. त्याच्यावर राज्य नाही, तो आउट झाला तरी धरायचा नाही, पण खेळात पूर्ण सामील. त्याच्यामुळे लंगडीची मजा कमी झाल्याचं कोणी म्हटलं नाही. २०१८ च्या सेलेस्ट या खेळात ही सोय आहे : वेग कमी करा, हवं तर मरणच बंद करा. तोही काही सोपा खेळ नाही. इथे तशी एकही खिडकी नाही.

डबलउडी

ताई, लेकीला माझा दंडवत. मी जे तीन परिच्छेदांत सांगायला गेलो ते तिने पग उचलून करून दाखवलं.

कच्च्या लिंबाबद्दल मात्र नाही पटत. सेलेस्टची प्रत्येक खोली हाताने बांधलेली आहे, तिथे मरण बंद केलं तरी खोली उरते. स्पेलंकीत मरण काढलं तर काय उरतं? दुकानदाराच्या बंदुकीची भीती नाही, मग चोरी करायची की नाही हा प्रश्नच नाही. खिळ्यांची भीती नाही, मग दोर कशाला वाचवायचे? सगळे हिशोब त्या चार बदामांवर उभे आहेत.

आणि शॉर्टकट आहेत की. टेरा नावाची बाई भेटते, ती मागेल ते देत गेलात की थेट पुढे उतरवते.

मधलीसुट्टी

टेराबाई भेटते कधी? जग पार केल्यावर. पोहता येणाऱ्यालाच टायर!

काडीपेटी

मी हरिश्चंद्रगडावर नळीच्या अवघड वाटेने गेलोय. वर कोकणकड्यावर पोचलो तर पाचनईच्या सोप्या वाटेने आलेली मंडळी पिठलं-भाकरी खात बसलेली. कडा त्यांनाही तोच दिसत होता. मला काडीचाही त्रास झाला नाही, उलट पिठलं मिळालं.

डबलउडी

काडीपेटी चक्क गंभीर झाले! उदाहरण उत्तम. पण नळीच्या वाटेला रेलिंग लावा असं कोणी म्हणालं तर तुम्हीच पहिले भांडाल.

काडीपेटी

भांडेन. पण पाचनईची वाट बुजवा म्हणणाऱ्याशी आधी भांडेन.

पिवळी कॅसेट

मला इथे सापशिडीची आठवण येतेय. धागाकर्त्यांची खरी चीड मरणाची नाही, ९८ वरून १ वर येण्याची आहे. फरक असा की सापशिडीत फासा पडतो, आपण नुसते बघे. इथे सोंगटी आपणच साप बसलाय त्या घरात नेऊन ठेवतो. म्हणून जास्त झोंबतं.

तरी एक मुद्दा त्यांचा मान्य करू. पहिल्या भागात पहिलं जग आणि दुसरं जग यांच्यात जाणवेल अशी पायरी होती. इथे पहिलं जगच इतकं गजबजलेलं आहे की जंगलात गेल्यावर मला उलट हायसं वाटलं. हे काही चांगल्या मांडणीचं लक्षण नाही. कॉस्मिक ओशन या शेवटच्या जगात ७-९९ पर्यंत जाणारे लोक आहेत, त्यांना १-२ ची घूस म्हणजे डास. पण त्यांच्यासाठी खेळाला ७-९८ होतंच ना, १-२ आमच्यासाठी ठेवायचं.

मधलीसुट्टी

हेच! हेच मला म्हणायचं होतं, उगाच पंगत आणि पुरणपोळी केली.

डबलउडी, तुमचं ऐकून काल रात्री एक डाव ताईंच्या लेकीच्या चालीने खेळलो. दगड हातात, प्रत्येक कड्यावर डोकावणं. तीन तीर फुकट घालवले. बॉम्बने टर्की भाजून खाल्ली, एक बदाम वाढला. १-४ पार, ज्वालामुखीत शिरलो, लाव्हा पाण्यासारखा वाहत येताना पहिल्यांदा नीट पाहिला. एक यंत्रमानव समोर आला, त्याला चाबूक मारला. ते फटका बसला की फुटतात हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

डबलउडी

सांगितलं असतं तर पाहिलं असतंत का?

बरं, आता वाद पुरे. खेळात डेली चॅलेंज आहे, सगळ्या जगाला त्या दिवशी एकच गुहा, एकच संधी. आज सगळ्यांनी खेळा आणि इथे आकडा लिहा. एकच गुहा म्हटल्यावर नशिबाच्या नावाने बोंब नको.

पिवळी कॅसेट

२-२. जंगलात सापळ्यात पाय.

लेकीची आई

मी १-३. लेक २-४, माझ्या प्रोफाइलवर खेळता येत नाही म्हणून तिने मामाचा लॅपटॉप घेतला.

डबलउडी

४-१. बढाई नाही, नोंद.

मधलीसुट्टी

१-२.

डबलउडी

पुन्हा तीर?

मधलीसुट्टी

नाही. तीर नाही, घूस नाही, सापही नाही. दुकानदार. सरड्यावर बॉम्ब फेकला, तो टप्पा खाऊन दुकानाच्या भिंतीशी गेला. भिंत पडली, पलीकडून बंदूक घेऊन मालक आला.

डबलउडी

वाकून ठेवायचा असतो बॉम्ब. खाली बसून बटण दाबलं की जागेवर राहतो, उडत नाही.

मधलीसुट्टी

हे अकरा तासांपूर्वी सांगितलं असतं तर?

लेकीची आई

लेक विचारतेय, उद्याची गुहा किती वाजता उघडते.