वन्यजीव रक्षणासाठी अधिकाऱ्याला शस्त्रबळ आधी हवे की तपासाचे कौशल्य?

मेधा: वन्यजीव संरक्षण अधिकाऱ्यांचा विषय निघाला की बोलणे हटकून बंदुका, गोळीबाराचे अधिकार आणि निमलष्करी प्रशिक्षण यांवर येते. हा प्राधान्यक्रम चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर परिसरातील 11 अभयारण्यांचा, 2017 ते 2023 या काळाचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे गस्त, श्वानपथके आणि कॅमेऱ्यांवर अफाट खर्च झाला, सुमारे 700 शिकारी पकडले गेले, तरीही त्यामुळे गेंड्यांची शिकार लक्षणीय घटल्याचा पुरावा संशोधकांना मिळाला नाही. गेंड्यांची शिंगे आधीच कापून घेतल्यावर मात्र शिकार सुमारे 78 टक्क्यांनी कमी झाली आणि त्यासाठी एकूण खर्चाच्या जेमतेम 1.2 टक्के रक्कम लागली. अटकांचा धाक का बसला नाही, याच्या कारणांत गरिबी, आतून फुटणारी माहिती आणि कमकुवत न्यायप्रक्रिया यांचा उल्लेख आहे.

यातले शेवटचे कारण मला सर्वांत गंभीर वाटते. तारेच्या फासात अडकून मेलेल्या हरणाजवळ पोहोचलेल्या वनरक्षकाने फास कोणत्या खोडाला बांधला होता, जमिनीपासून किती उंचीवर होता, आसपास कोणाचे ठसे आहेत, हे जागेवरच मोजून पंचनाम्यात नोंदवले पाहिजे. मांसाचा नमुना पंचांसमक्ष मोहोरबंद केला पाहिजे. नमुना कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेला, या नोंदीत एका दिवसाची जरी पोकळी राहिली, तरी आरोपीचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो आणि महिनाभराची गस्त वाया जाते. प्रशिक्षणाचा पैसा आधी येथे खर्च व्हायला हवा.

श्रीरंग: पंचनाम्याविषयी आपण लिहिले ते मान्य आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. पंचनामा करायला अधिकारी जिवंत असावा लागतो. काँगोमधील विरुंगा राष्ट्रीय उद्यानात 24 एप्रिल 2020 रोजी सशस्त्र गटाने केलेल्या हल्ल्यात 12 वनरक्षक मारले गेले. अशा ठिकाणी शस्त्राला दुय्यम स्थान देणे म्हणजे त्या माणसांना मरणाच्या दारात उभे करणे होय. शिंगे कापण्याचा उपायही गेंड्यापुरताच आहे. वाघाला मारतात ते कातड्यासाठी आणि हाडांसाठी, त्यामुळे तेथे आधीच काढून घेण्यासारखे काहीच नसते. नेपाळचेही उदाहरण घ्या. तेथील चितवन राष्ट्रीय उद्यानात लष्कर तैनात आहे आणि 2011 मध्ये त्या देशात वर्षभरात एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. सैनिकांच्या खड्या पहाऱ्याशिवाय हे घडले असते, असे मला वाटत नाही.

गीतांजली: शस्त्र आणि तपास या दोन्हींच्या आधी खरी नोंद येते. सरिस्का व्याघ्र प्रकल्पात गणनेच्या कागदांवर वाघ दिसत होते आणि 2005 पर्यंत जंगलात एकही उरला नसल्याचे उघड झाले. खालच्या कर्मचाऱ्याने ‘या भागात पाऊलखुणा दिसत नाहीत’ असे लिहिले, तर ते वरपर्यंत पोहोचते का, हा प्रश्न या चर्चेत यायलाच हवा.

मेधा: गीतांजलीताईंशी मी पूर्ण सहमत आहे. श्रीरंगजी, विरुंगासारख्या युद्धग्रस्त भागात स्वसंरक्षणासाठी शस्त्र हवेच. माझा विरोध त्या अपवादाचा सरसकट नियम करण्याला आहे. नेपाळविषयी मात्र आपण अर्धीच बाजू मांडली. तेथे उद्यानाच्या उत्पन्नातील 30 ते 50 टक्के वाटा कायद्याने बफर क्षेत्रातील, म्हणजे उद्यानालगतच्या, गावांच्या विकासासाठी दिला जातो. नामिबियाने 1996 मध्ये कायदा बदलून सामुदायिक संवर्धन क्षेत्रांना वन्यजीवांच्या वापराचे आणि त्यातून होणाऱ्या उत्पन्नाचे हक्क दिले, आणि तेथे गावातलीच माणसे रक्षक म्हणून फिरतात. अनोळखी माणूस रात्री कोणाकडे उतरला, हे गावाला सर्वांत आधी कळते. अधिकाऱ्याला पाहून दार लावून घेणारे गाव त्याला ते कधीच सांगणार नाही, आणि गोळीबाराच्या मोकळ्या परवान्याने सरपणाला गेलेला निरपराध माणूस मेला, तर ते दार पुन्हा उघडायला एक पिढी लागेल.

श्रीरंग: मोकळा परवाना मीही मागत नाही, प्रत्येक गोळीची स्वतंत्र चौकशी व्हावी, असेच माझे म्हणणे आहे. तरीही आपल्या युक्तिवादातली एक उणीव मला सलते. खबर देणारा गावकरी त्याच गावात राहतो. त्याचे नाव फुटले, तर टोळीची माणसे आधी त्याच्याच घरी येतील, आणि त्या रात्री सर्वांत जवळच्या चौकीत काठी घेतलेला एकटा वनरक्षक असेल, तर पुढची खबर कोणीही देणार नाही. म्हणून निदान टोळ्यांचा वावर असलेल्या भागांत तरी चौकीवर पुरेशी माणसे, बिनतारी संच आणि शस्त्रे आधी द्यावीत, आणि गावाकडून सहकार्याची अपेक्षा त्यानंतर करावी.