आवडतं गाणं सुचवताना यादी द्यावी की एकच गाणं?

नौपाडा_श्रोता (धागाकर्ता)

कुणी म्हटलं, "काहीतरी चांगलं ऐकायला सुचवा," की आपल्याकडे लगेच यादी येते. जुनी हिंदी गाणी, नाट्यपदं, गझला, रॉक, सगळं एकाखाली एक. घेणारा धन्यवाद म्हणतो आणि पहिल्या दोन गाण्यांच्या पुढे जात नाही. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गटावर हे नेहमी होतं. म्हणून माझं मत स्पष्ट मांडतो. यादी देऊ नका. एकच गाणं द्या. समोरचा आज काय ऐकतो ते आधी विचारा, तिथून एक वाट काढा आणि कान कुठे लावायचा ते दोन वाक्यांत सांगा.

उदाहरण देतो. रागसंगीतात मुरलेल्या माणसाला जॅझ द्यायचं असेल तर मी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 1959 चा 'काइंड ऑफ ब्ल्यू' हा अल्बम देईन, आणि त्यातलंही फक्त पहिलं 'सो व्हॉट'. सांगेन की यात कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांची) धावपळ नाही. कोमल गंधार आणि कोमल निषाद, बाकी शुद्ध, म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर. सोळा बार (चार-चार मात्रांचे गट) एका षड्जावर, मग आठ बार तोच साचा अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि पुन्हा आठ बार खाली मूळ जागी. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हा षड्ज हलल्याचा धक्का जसा जाणवेल, तसा जन्मभर जॅझ ऐकणाऱ्यालाही कदाचित जाणवणार नाही.

उलट बाजूने, रॅप ऐकणाऱ्या मुलाला अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड द्या. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीतून गाणं मुंबईच्या श्रीमंती-गरिबीवर आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावर कसं येतं तिकडे लक्ष दे, एवढंच सांगा. काळ आणि प्रकार यांच्या भिंती अशाच ओलांडता येतात. तुम्हाला काय वाटतं?

चरई_तंबोरा

साफ असहमत. काफी थाटाचे स्वर सांगून तुम्ही त्या माणसाला चुकीचं ऐकायला शिकवताय. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे. भूप आणि देशकार घ्या. तेच पाच स्वर. पण भूप संध्याकाळचा, गंधारावर विसावणारा, पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमणारा. देशकार सकाळचा, धैवतावर उभा, वरच्या अर्ध्यात, उत्तरांगात. नुसत्या स्वरांवरून या दोघांतला फरकही कळत नाही, तर न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या जॅझचा आणि काफीचा संबंध कसला लावता?

'सो व्हॉट' मध्ये ऐकायचं ते वेगळंच आहे. धून बेस वाजवतो आणि बाकीची वाद्यं त्याला दोन आघातांत उत्तर देतात. एरवी मागे राहणारं वाद्य तिथे पुढे बसलंय. तुम्ही श्रोत्याला कोमल गंधार शोधायला लावलंत की तो हे ऐकणारच नाही.

प्रत्येक संगीताचं एक दार असतं. त्या दारातून जायचं, आणि त्याला वेळ लागतो. आपल्या शहरात महापालिका पं. राम मराठ्यांच्या नावाने दरवर्षी संगीत महोत्सव भरवते. तरुणांनी तिथे येऊन संध्याकाळभर बसावं. फोनवर तुकडा पाठवून काय होणार?

नौपाडा_श्रोता

काका, ते राग काफी आहे असं मी म्हटलेलं नाही. ओळखीचं काहीतरी हाती असलं की माणूस नऊ मिनिटांचं अनोळखी वादन शेवटपर्यंत ऐकतो, इतकंच म्हणणं आहे. बेसकडे त्याचं लक्ष दुसऱ्यांदा ऐकताना जाईल. पहिल्यांदाच बंद केलं तर दुसरी वेळ येतच नाही.

आणि दाराचं म्हणाल तर रामभाऊ मराठ्यांचंच बघा. 1939 च्या 'माणूस' सिनेमात ते पोरवयात पडद्यावर आले, पुढे अनेक गुरूंकडे ख्यालगायकी शिकले, 'मंदारमाला' नाटकाला संगीत दिलं आणि त्यात स्वतः गायले. सिनेमा, नाटक, मैफल, तिन्हीकडे तोच माणूस. त्यांच्या नावाच्या महोत्सवाचा दाखला देऊन वाटा वेगळ्या ठेवा म्हणणं मला पटत नाही.

चरई_तंबोरा

रामभाऊ तिन्हीकडे गेले कारण तिन्हीकडची तालीम त्यांनी घेतली होती. श्रोत्यानेही थोडी घ्यावी, एवढंच मागतोय.

सीवूड्स_शफल

मला तुम्हा दोघांचंही पटत नाही. काका म्हणतात आधी तालीम, दादा म्हणतात आधी सूचना. पहिलं ऐकणं कोरं का असू नये?

इळैयराजांचं 'हाउ टू नेम इट' (1986) मला ॲपवर आपोआप पुढे आलं. कोण, कधीचं, काहीच माहीत नव्हतं. व्हायोलिन ऐकून आधी वाटलं पाश्चात्त्य आहे, मग वाटलं कर्नाटकी आहे, मग दोन्ही एकदम आहे हे कळलं. त्यांनी तो अल्बम बाख आणि त्यागराज या दोघांना अर्पण केलाय हे नंतर वाचलं. कुणी आधी सांगितलं असतं तर मी बाख कुठे आणि त्यागराज कुठे ते शोधत बसले असते, आणि ते गोंधळणं, जे मला सगळ्यात जास्त आवडलं, माझ्या वाट्याला आलंच नसतं.

आणि आमच्या पिढीला लांब ऐकवत नाही, सगळं रीलपुरतं हवं असतं, हे घरी-दारी ऐकून कंटाळा आलाय. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं बसायची. गौहर जान 1902 मध्ये ध्वनिमुद्रणाला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनाही तेवढ्यातच गाणं मांडून शेवटी स्वतःचं नाव सांगायला लागायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही ठुमरी तेवढ्याच वेळात झिंझोटी रागाचं सगळं सुख देऊन जाते. तीन मिनिटांत खोली असू शकते हे जुन्या लोकांनीच दाखवून दिलंय. मग आमच्या तीन मिनिटांवर राग का?

जानेवारी 2025 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले आले तेव्हा फक्त एक-दोन गाणी माहीत असलेली किती मुलं गेली होती. तिथे त्यांनी बाकीची गाणी कुठल्याही प्रस्तावनेशिवाय ऐकली आणि घरी येऊन सगळे अल्बम काढून बसली. त्यांना कुणी दोन वाक्यांत समजावलं नव्हतं.

नौपाडा_श्रोता

तबकडीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ॲपचा नाही. ॲप तुमच्या आधीच्या सवयीजवळचं देतं. कधी लांब उडी मारतं, पण का मारली ते त्याला ठाऊक नसतं. 'अलबेला' (1951) सिनेमाची गाणी ऐकणाऱ्या माझ्या आईला ते पुन्हा त्याच दशकातली हिंदी गाणी देत राहील. मी तिला सांगितलं की सी. रामचंद्रांसोबत गोव्याचे चिक चॉकलेट नावाचे ट्रम्पेटवादक काम करत, आणि 'शोला जो भडके' मधला पितळी वाद्यांचा रंग त्या जॅझवाल्यांच्या हातचा आहे. मग तिला अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग ऐकवला. ती लगेच म्हणाली, "हे आपल्याकडचंच वाटतंय." असं जोडून द्यायला तुम्हाला ओळखणारं माणूस लागतं.

ऐरोलीकर

ॲपचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं सांगतो. प्रल्हाद शिंदे. 'पाऊले चालती पंढरीची वाट' महाराष्ट्रात कुठल्या घरात वाजलं नाही? पण त्याच आवाजातली भीमगीतं त्यातल्या किती घरांत पोचली? ॲपवर एक आवाज दोन कप्प्यांत आहे, भक्तिगीतं इकडे आणि भीमगीतं तिकडे. आणि हे कप्पे ॲपने पाडलेले नाहीत. कॅसेटच्या दुकानातही ते होते आणि त्याआधी माणसांच्या मनात होते.

'सर्व काळातलं, सर्व प्रकारांतलं आवडतं संगीत' असं म्हणून सुरू झालेल्या गप्पांत मी अनेकदा बसलोय. नाट्यसंगीत येतं, बीटल्स येतात, मेहदी हसन येतात. वामनदादा कर्डक येत नाहीत. विठ्ठल उमप आले तर लोकसंगीताच्या एका ओळीत येतात. म्हणून धागाकर्त्यांना विचारतो, समोरच्याच्या आवडीतून वाट काढायची म्हणता, पण त्याच्या आवडीलाच कुंपण असेल तर? तुमच्या पद्धतीने तो ओळखीच्या दारातून ओळखीच्याच दुसऱ्या खोलीत जाईल.

माझं म्हणणं, कधीकधी वाट न काढता सरळ द्यावं. 'भीमा तुझ्या जन्मामुळे' ऐका. वामनदादांचे शब्द आहेत. काफी, जॅझ, कशाशी जोडू नका.

नौपाडा_श्रोता

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. तरी एक विचारतो. 'पाऊले चालती' आवडणाऱ्या माणसाला "हाच आवाज आता इथे ऐक" असं सांगितलं तर ती वाट नाही का? विठ्ठलाला आळवणारा गळा बाबासाहेबांचं नाव घेताना कसा उंचावतो हे त्या माणसाला त्याच्याच आवडत्या आवाजातून कळेल. कुंपण ओलांडायला याहून जवळची जागा मला दिसत नाही.

ऐरोलीकर

चालेल. पण मग ते सांगा. आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

कळवा_खाडी

मधेच एक. ठाण्याच्या लोकांनी पी. सावळारामांना विसरू नये. गीतकार आपल्या गावचा नगराध्यक्ष होता. 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का', संगीत वसंत प्रभू, आवाज लताबाईंचा. लग्न करून निघालेल्या मुलीला निरोप. शब्द इतके साधे की सुचवताना काही समजवावं लागत नाही.

घणसोली_गावची

कळव्याच्या दादांनी लग्नाचं गाणं काढलं म्हणून लिहितेय.

कोळीगीत म्हटलं की लोक 'मी डोलकर' आणि 'वादळवारं सुटलं गो' पाठवतात. शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाई. गाणी सुंदर आहेत, आमच्या हळदीतही वाजतात, तक्रार नाही. पण आगरी-कोळ्यांचं संगीत तेवढंच असं समजून कुणी पुढे गेलं तर मला वाईट वाटतं.

आमच्याकडे लग्नात धवलारीण असते, म्हणजे धवले (लग्नविधींची गाणी) म्हणणारी बाई. मांडव, हळद, प्रत्येक विधीला तिचा वेगळा धवला. वाद्य नाही. ती ओळ सांगते, मागच्या बायका उचलतात. तिच्या धवल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही, म्हणजे ते गाणं करमणुकीचं नाहीच, ते लग्नाचं काम आहे. माझी आजी म्हणायची तेव्हा अख्खं घर तिच्या तोंडाकडे बघायचं.

आता हे तुम्हाला कसं सुचवू? दुवा पाठवू? मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिलंय. शेजारच्या मांडवातला डीजे जास्त ऐकू येतो. आणि नीट रेकॉर्ड झालं तरी सानपाड्याच्या किंवा हिरानंदानीच्या फ्लॅटमध्ये कानात बोंडं घालून बसलेल्याला ते एकसुरी वाटेल, कारण समोर नवरी नाही, हळद नाही, बायका नाहीत. एकच गाणं द्या म्हणता, पण धवला हे एक गाणं नसतं. रात्रभराच्या कामातला तो एक तुकडा असतो.

म्हणून मला वाटतं, सगळंच संगीत वाटता येतं हे गृहीतच चूक आहे. काही संगीताला बोलावणं द्यावं लागतं.

सीवूड्स_शफल

ताई, पण मग आम्ही, जे कुणाच्या हळदीला येण्यासारखे ओळखीचे नाही, त्यांनी ते कधीच ऐकायचं नाही? रेकॉर्डिंग वाईट असलं तरी ते नसण्यापेक्षा बरं. धवलारणी आता किती उरल्यात ते तुम्हालाच जास्त ठाऊक असेल.

स्वदेशी या रॅप गटाचं 'वारली रिव्होल्ट' ऐकलंय का? आरेतले प्रकाश भोईर त्यात गातात, बाकीचे रॅप करतात, विषय जंगलाचा. मी आदिवासी गाणं त्यातूनच पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं. पाड्यावर बसून ऐकणं वेगळं असेल, मान्य. पण माझ्यापर्यंत ते पोचलं हेही खरं आहे.

चरई_तंबोरा

घणसोलीच्या ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. मैफलीचंही हेच आहे. गायक समोरच्या माणसांकडे बघून राग वाढवतो.

पण सीवूड्सच्या मुलीला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. किशोरीताईंचा भूप ऐक. सगळे 'सहेला रे' पाठवतात, ती द्रुत (जलद) बंदिश आहे. त्याआधीचा विलंबित (संथ) ख्याल, 'प्रथम सूर साधे', तो सोडून पुढे जाऊ नकोस. भूपात काय शोधायचं ते सांगत नाही. तुला कोरंच ऐकायचंय ना, तसंच ऐक.

सीवूड्स_शफल

ऐकते. पण काका, 'हे सोडून पुढे जाऊ नकोस' हीसुद्धा सूचनाच झाली!

नौपाडा_श्रोता

आणि ती चांगली सूचना आहे. एक गाणं, एक वाक्य. ताई, तुम्हीसुद्धा तेच केलंत. धवल्यात ओळ कोण सांगतं, कोण उचलतं, हे वाचल्यावर मी ते रेकॉर्डिंग आता वेगळ्या कानाने ऐकेन.

घणसोली_गावची

रेकॉर्डिंग ऐकाच, मी नको म्हणत नाही. पण मी कान कुठे लावायचा ते सांगितलेलं नाही, कुठे यायचं ते सांगितलंय. लगीनसराईत माझ्या मामेबहिणीचं लग्न आहे. सीवूड्सच्या मुलीला आणि ज्यांना यायचंय त्यांना मी निरोपातून पत्ता देते. हळदीला संध्याकाळी लवकर या, डीजे सुरू झाला की धवला ऐकू येत नाही. आणि बायकांमध्ये बसा, मागे खुर्च्यांवर नको, ओळ उचलावी लागेल.