‘चालकाने गाडी मंदावली’ चालेल का?

प्रश्न: एका मजकुरात ‘वळण आल्यावर चालकाने गाडी मंदावली’ असं वाक्य आहे. ते खटकतंय, पण चूक नेमकी दाखवता येत नाही. ‘गाडी मंदावली’ तर आपण सर्रास म्हणतो. मग ‘चालकाने’ आला की काय बिघडतं?

उत्तर १: ‘मंदावणे’ अकर्मक आहे. मंद या विशेषणाला ‘-आव’ लागून झालेलं, सुस्तावणे, थंडावणे, स्थिरावणे यांच्या पंगतीतलं. मंद होणे एवढाच अर्थ, मंद करणे नाही. म्हणून ‘गाडी मंदावली’ बरोबर, पण ‘-ने’ लावून कर्ता आणला की क्रियापदाला कर्म पेलत नाही. आज्ञार्थ करून बघा: ‘गाडी मंदाव’ असं कोणी म्हणत नाही, ‘गाडी हळू कर’ किंवा ‘हळू घे’ म्हणतात. तुमचं वाक्य ‘चालकाने गाडीचा वेग कमी केला’ असं करा.

उत्तर २: नियम बरोबर, फक्त ‘-आव’ दिसला की अकर्मक असं धरू नका. ‘दर्जा उंचावला’ आणि ‘त्याने हात उंचावला’, ‘पाय दुखावला’ आणि ‘तिने त्याला दुखावलं’, दोन्ही चालतात. प्रत्येक क्रियापदाला आज्ञार्थाची कसोटी लावावी. ‘हात उंचाव’ म्हणता येतं ना!

उत्तर ३: अर्थाकडेही बघा. मंदावते ती गती किंवा जोर: चाल, नाडी, भूक, दिव्याची ज्योत. ताप उतरतो, पूर ओसरतो, निवडणुकीचा प्रचार थंडावतो. नदीच्या बातम्यांत ‘मंदावणे’ आणि ‘ओसरणे’ हमखास एकमेकांच्या जागी पडतात. भीमा नदी उजनी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्यात, शिरते तिथे प्रवाह मंदावतो, गाळ खाली बसू लागतो, पण पाणी ओसरत नाही. उलट तिथली पातळी चढलेली असते. तिथे ‘ओसरली’ लिहिलं तर काठावरच्या माणसाला नेमकी उलटी माहिती मिळते.

उत्तर ४: तीच गफलत महागाईत. १०० रुपयांची वस्तू ८ टक्क्यांनी वाढून १०८ झाली, पुढच्या वर्षी ४ टक्क्यांनी वाढून ११२.३२. इथे भाववाढ मंदावली, भाव उतरले नाहीत. ‘महागाई मंदावली’ एवढंच छापलं की वाचणाऱ्याला स्वस्ताई आल्यासारखं वाटतं. ‘भाववाढीचा वेग मंदावला’ असं पूर्ण लिहावं. आणि बदल हळूहळू होत असेल तर ‘मंदावत गेला’.