'टॅसिटली' नेमकं कुठे वापरायचं?

प्रश्न: इंग्रजी पेपरातल्या अग्रलेखांत टॅसिटली हा शब्द सारखा दिसतो. डिक्शनरीत 'न बोलता' असं दिलंय, पण मग सायलेंटलीपेक्षा वेगळं काय? की गुपचूप, म्हणजे सीक्रेटली? ऑफिसच्या मेलमधे वापरायचाय म्हणून विचारतेय.

उत्तर १: गुपचूप अजिबात नाही. त्यात लपवाछपवी आली, इथे सगळं उघड असतं, फक्त तोंडाने कोणी बोललेलं नसतं. मुंबई लोकलमधली चौथी सीट घ्या ना, बाक तिघांचा पण चौथा येऊन उभा राहिला, हाताने नुसती खूण केली की तिघं आत सरकतात आणि तो अर्धा बाकावर अर्धा बाहेर असा टेकतो, रेल्वेचा असा काही नियम नाही तरी सेकंड क्लासमधे कोणी सहसा वाद घालत नाही (फर्स्ट क्लासमधे हे चालत नाही). म्हणजे पॅसेंजर्स हॅव टॅसिटली अ‍ॅग्रीड. सायलेंटली म्हणजे नुसता आवाज नाही. मांजर सायलेंटली चालते, टॅसिटली नाही.

उत्तर २: सोबत अ‍ॅग्री, अ‍ॅक्सेप्ट, अप्रूव्ह, अ‍ॅडमिट, सपोर्ट असली क्रियापदं लावा. 'टॅसिटली सेड' चूक. इम्प्लिसिटली जवळचा आहे, पण 'आय ट्रस्ट हर इम्प्लिसिटली' म्हणजे डोळे झाकून विश्वास, तिथे टॅसिटली बसणार नाही.

उत्तर ३: मेलमधे वापरताना जपून हं, नुसतं गप्प बसणं म्हणजे होकार नाही. इंग्लंडमधली १८६२ ची फेल्टहाउस विरुद्ध बिंडली केस लॉच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. काकाने पुतण्याला लिहिलं की तुझं काही उत्तर आलं नाही तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगला माझा झाला असं धरतो. पुतण्याला द्यायचाही होता, पण त्याने काकाला कळवलंच नाही, आणि लिलाववाल्याने चुकून घोडा विकून टाकला. काका कोर्टात हरला. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यात कलम ८ आहे, प्रस्तावातली अट पूर्ण केली किंवा मोबदला घेतला तर तो स्वीकार धरतात. म्हणजे काहीतरी कृती हवी.

प्रश्नकर्ती: माझं वाक्य 'द क्लायंट टॅसिटली अ‍ॅग्रीड टू द न्यू रेट्स' असं आहे. त्यांचा रिप्लाय नाही, पण जूनचं बिल नव्या रेटने भरलंय.

उत्तर ३: भरलंय ना, मग बिनधास्त लिहा. फक्त पुढे 'बाय पेइंग द जून इन्व्हॉइस' जोडा, म्हणजे कशावरून म्हणताय ते त्याच ओळीत येईल.