शेवरोले गेली, गाड्या राहिल्या: तुमचे अनुभव

रानवारा७३
परवा कामानिमित्त तळेगाव एमआयडीसीत जाणं झालं. जनरल मोटर्सचा (म्हणजे शेवरोलेवाल्यांचा) कारखाना आता ह्युंदाईचा. बातमी माहीत होतीच (२०२३ मध्ये करार, जानेवारी २०२४ मध्ये ताबा), पण तिथून गाडी वळवताना बाबांची स्पार्क आठवली आणि घरी येऊन जुने फोटो काढून बसलो.

२००८ची लाल स्पार्क. बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी घेतली. त्या गाडीचं मीटर ड्रायव्हरच्या समोर नाही, डॅशबोर्डच्या मधोमध. म्हणजे मागे बसलेल्या आजीला काटा स्वच्छ दिसायचा. काटा साठला टेकला की मागून आवाज, "कुणाचा मुहूर्त टळतोय का रे?" बाबांनी शक्कल लढवून बरोबर मीटरपुढे गणपती चिकटवला. आजीने दुसऱ्या दिवशी "देवाला ऊन लागतंय" म्हणून तो काढून बाजूला लावला. काटा पुन्हा मोकळा.

गंमत म्हणजे 'अमेरिकन गाडी घेतली' म्हणून आम्ही सोसायटीत कॉलर ताठ करून फिरायचो आणि ती मूळची कोरियाच्या दैवूची मॅटिझ! ऑप्ट्राही दैवूचीच. टवेरा जपानच्या इसुझूची. अमेरिकेचा म्हणून तो पुढचा सोनेरी बो-टायचा बिल्ला तेवढा. आणि शेवटी कारखानाही कोरियनांनीच घेतला.

टवेरा, बीट, एव्हिओ, क्रूझ, काय असेल ते लिहा. परदेशातल्यांनीही लिहा. फक्त मायलेजवरून भांडू नका, हात जोडतो.

घाटमाथा
टवेरा म्हटलं की शिर्डी. चुलतभावाचा ट्रॅव्हल्सचा धंदा होता, २००५ची पांढरी टवेरा. आरसी बुकात दहा, आत तेरा. सगळ्यात मागे समोरासमोर बाकडी, त्यावर पोरं. समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत अडकलेले, पायाखाली प्रसादाच्या पिशव्या, वर कॅरियरवर बॅगा आणि त्यावर निळी ताडपत्री. गाडीने आयुष्यभर कुरकुर केली नाही, कुरकुर आतल्यांचीच. घाट लागला की मागच्या बाकड्यावरून एक लिंबू फिरायचं, सगळ्यांनी आळीपाळीने हुंगायचं.

चहाटळ
टवेरात तेरा, हसून हसून पुरेवाट

मृण्मयी_क
आमची बीट. मागच्या दाराचं हँडल दारावर नाहीच, वर खिडकीच्या कडेला काळ्या प्लास्टिकमध्ये लपवलेलं. नवीन पाहुणा आला की दार चाचपडत उभा. आत्या म्हणाल्या, "दोनच दारांची घेतलीस होय, पैसे कमी पडले तर मागायचे ना."
बाकी सवडीने, कुकर लावलाय.

सुमनताई
लिंबापेक्षा आवळासुपारी बरी. लिंबाने माझ्या धाकट्याला जास्तच व्हायचं.

जुनंपानं
धागाकर्त्यांनी ब्रँडचा विषय काढलाच आहे तर थोडी भर. लुई शेवरोले हा माणूस अमेरिकेतला नव्हेच, स्वित्झर्लंडचा. १८७८चा जन्म, घड्याळजीचा मुलगा. अमेरिकेत येऊन शर्यतीच्या गाड्या पळवल्या. विल्यम ड्युरंटने त्याला हाताशी धरून नोव्हेंबर १९११ मध्ये डेट्रॉइटला कंपनी काढली. ड्युरंट हा जनरल मोटर्सचा संस्थापक, पण १९१० मध्ये बँकवाल्यांनी त्याच्या हातून कारभार काढून घेतला होता. त्याला नवा घोडा हवा होता आणि लुईचं नाव शर्यतींमुळे पेपरात गाजत होतं.

पुढे दोघांचं बिनसलं. लुईला वेगवान, उंची गाड्या करायच्या होत्या, ड्युरंटला फोर्डच्या तोडीच्या स्वस्त. लुई बाहेर पडला, नाव मात्र आत राहिलं. ड्युरंटने त्याच शेवरोलेच्या जोरावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स पुन्हा ताब्यात घेतली आणि काही वर्षांत पुन्हा घालवलीसुद्धा. म्हातारपणी मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात बोलिंगचा अड्डा चालवत होता. लुईही १९४१ मध्ये गेला तो गरिबीतच. त्याचा भाऊ गॅस्टन १९२० मध्ये इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकला आणि त्याच वर्षी दुसऱ्या शर्यतीत अपघातात गेला.

त्या बो-टायची तर आणखीच मजा. ड्युरंट सांगायचा की पॅरिसच्या हॉटेलातल्या भिंतीच्या कागदावर ती नक्षी दिसली. बायको म्हणायची, सुट्टीवर असताना पेपरातल्या जाहिरातीत दिसली. मुलगी म्हणायची, बाबा जेवताना टेबलावर बसून असली चित्रं काढायचे. घरातच तीन मतं, आपण कोण निवाडा करणार.

चहाटळ
जुनंपानं काका, हे परीक्षेला येणार आहे का?

शिवडीकर
वरच्यांनी कोरिया, जपान सगळं केलं, पण मुंबई राहिली. जनरल मोटर्सची भारतातली पहिली जोडणी आमच्या शिवडीत, १९२८ पासून. माझे पणजोबा तिथे कामाला. लालबागहून चालत जायचे. गाड्या सुट्या भागांत, मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून बोटीने यायच्या आणि इथे जोडायच्या. लढाईच्या काळात लष्कराचे ट्रक.

त्या खोक्यांच्या फळ्या कामगारांना स्वस्तात मिळायच्या. आमच्या चाळीतल्या खोलीत त्या फळ्यांचं कपाट होतं. पुढून हिरवा रंग, पण दार उघडून आत वाकलं की फळीवर काळ्या शाईतली अर्धवट इंग्रजी अक्षरं. उरलेली अक्षरं कुठल्या घरात गेली देव जाणे. मी त्या अक्षरांवर बोट फिरवत मुळाक्षरांआधी इंग्रजी शिकलो असं आजी सांगायची. लाकूड असं की खिळा वाकायचा, फळी नाही. खोली रिकामी केली तेव्हा काकांनी कपाट नेलं, अजून आहे.

१९५३ मध्ये सरकारने ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवायचा कार्यक्रम दाखवा. फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनी गाशा गुंडाळला, शिवडी १९५४ला बंद. पणजोबा नंतर गिरणीत लागले.
म्हणजे २०१७ला जे झालं (जनरल मोटर्सने इथली विक्री थांबवली) ते आमच्या घरात दुसऱ्यांदा झालं. माझा आतेभाऊ तळेगावात होता.

रानवारा७३
शिवडीकर, त्या कपाटाचा फोटो टाका ना प्लीज. आतल्या बाजूचा.

लालपरी_प्रेमी
एसटीचा विषय कोणीच कसा काढला नाही? १ जून १९४८ला पुणे-नगर धावलेली पहिली गाडी बेडफर्ड होती. बेडफर्ड म्हणजे जनरल मोटर्सचीच विलायतेतली शाखा. सुरुवातीच्या एसटीच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर अशी सगळी खिचडी होती.

त्याआधी खाजगी सर्विस मोटारी. आमचे आजोबा लढाईच्या काळातलं सांगायचे. पेट्रोलवर रेशनिंग, मग मोटारीच्या मागे कोळशाच्या गॅसची टाकी. सकाळी सहाची गाडी म्हणजे क्लीनर पहाटे चारला उठून भट्टी पेटवणार, पंखा फिरवणार, गॅस धरला की मग पुढे जाऊन हँडल मारणार. चढ आला की प्रवासी खाली. पाटलांना मात्र बसून राहायची मुभा.

मृण्मयी_क
आले. हो तर बीट. ती आता मुलगा चालवतो, पहिली गाडी ठोकायला जुनीच बरी. नवऱ्याला विकायची होती, पण कंपनी गेल्यावर जो भाव सांगितला त्यात चांगला फ्रीज येईल. मग ठेवली.

डेट्रॉइटचा_पाहुणा
मिशिगनमधून लिहितोय, फ्लिंटपासून तासाभरावर. इकडे शेवी (म्हणजे शेवरोले) म्हणजे काय चीज आहे हे आल्याशिवाय कळत नाही. शेजारी आजोबा आहेत, ते, त्यांचे वडील आणि मुलगा तिघेही फ्लिंटला 'शॉप'मध्ये, म्हणजे कारखान्यात. माझ्या दारात जपानी गाडी बघून पहिले सहा महिने फक्त मान हलवायचे, तीही मोजून. नंतर मी जुनी मालिबू घेतली आणि त्याच संध्याकाळी अ‍ॅपल पाय बनवून घेऊन आले.

त्यांनीच मला तो नदीकाठ दाखवला. शेवरोलेचे कारखाने तिथे दोन्ही तीरांवर होते, आता गवत आणि पायवाटा. १९३६च्या डिसेंबरअखेर फ्लिंटमध्ये कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले, बाहेर पडेनात. बाहेर बर्फ, आत हीटिंग बंद केलेलं, बायका खिडक्यांतून डबे पोचवायच्या. ११ फेब्रुवारी १९३७ला कंपनीने युनियन मान्य केली. आजोबांचे वडील आत होते. हे सांगताना ते गाडीतून उतरले नाहीत, काच खाली करून बोटाने दाखवत राहिले.

इंपाला २०२० मध्ये बंद झाली, मालिबू २०२४ मध्ये. इकडे आता सगळ्यांना उंच गाड्या आणि ट्रक हवेत.

गिरगावची_माई
इंपाला!! आमच्या वाडीत साठच्या दशकात एका लग्नाला आली होती, एकोणसाठचं मॉडेल. मागे पसरलेले पंख आणि त्याखाली मांजराच्या डोळ्यांसारखे लाल दिवे. बोळात वळेना. वऱ्हाड राहिलं बाजूला, सगळी वाडी "घ्या, घ्या, थोडी मागे" करत ड्रायव्हरला शिकवत होती, त्यातल्या एकालाही सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. नवरदेव शेवटी चालत आला.
टायपायला वेळ लागतो, चूकभूल माफ.

सुमनताई
माई किती छान लिहिता. तुम्ही कुठल्या वाडीतल्या? माझं माहेर ठाकूरद्वार.

गिरगावची_माई
अगं मग जवळचीच! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. नातवाला विचारून, कसा करतात ते.

शिफ्ट_बी
मी तळेगावात ट्रिम लाइनला होतो, गाडीच्या आतलं सामान बसवतात तिथे. शिवडीकरांचा आतेभाऊ कुठल्या शॉपला होता? ओळखत असेन.

२०१७ नंतर लोकांना वाटायचं कारखाना बंद. तसं नव्हतं, इथली विक्री बंद, निर्यात चालू. बीट मेक्सिकोला जायची, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. आधी वर्षानुवर्षं उजवीकडची गाडी हाताखालून गेलेली. डोळे मिटून क्लिप बसायची. डावीकडच्या गाडीत शिरलं की हात आपोआप उजव्या बाजूला जायचा, तिथे नुसतं ग्लोव्हबॉक्स. सुरुवातीला सगळी लाइन एकमेकांवर हसत होती, महिन्याभरात सरावलो. मग घरची गाडी परकी वाटायला लागली.

शेवटची गाडी २४ डिसेंबर २०२०ला निघाली. मधे चिनी ग्रेट वॉल कंपनी कारखाना घेणार होती, ते २०२२ मध्ये बारगळलं. कामगारांचं पुढे कोर्टकचेऱ्या, उपोषण, ते पेपरात आलंच आहे, इथे नको.

दारात अजून बीट डिझेल आहे. ९३६ सीसी, तीन सिलिंडर. सकाळी चालू केली की वरच्या मजल्यावरच्यांना अलार्म लागत नाही. आता चाकणला दुसरीकडे आहे, कंपनीच्या बसने जातो.

शिवडीकर
पेंट शॉपला होता. व्यनि केलाय.

वेगळा_गियर
ऑप्ट्रा मॅग्नम डिझेल, १२१ अश्वशक्ती. दिसायला बँक मॅनेजरची गाडी, पण तिसऱ्यात पाय दिला की मागचे शोधत बसायचे. सनरूफवाल्या ऑप्ट्राची करवा चौथची जाहिरात आठवते का कोणाला? बायको अजून विचारते, आपल्या गाडीला ते का नाही.

सुट्या भागांचं विचाराल तर घाबरू नका. शेवरोले सेल डिझेलवाल्यांना तर चिंताच नाही, इंजिन फियाटचं १.३ मल्टिजेट, तेच स्विफ्टमध्ये, कुठल्याही गावचा मेकॅनिक उघडतो. खरा त्रास काचा, दिवे आणि बंपरचा. माझा डावा हेडलाइट फुटला, एका दुकानदाराने नवा म्हणून पॉलिश केलेला जुनाच गळ्यात मारला. मग एका भंगारवाल्याकडे अख्खी ऑप्ट्रा मिळाली. दिवा काढायला गेलो आणि डिकीचं लॉक, दोन बटणं, सनव्हायझर असं घेऊन आलो. आता ती गाडी तिथेच ठेव म्हणून त्याला चहापाणी देतो.

घाटमाथा
वेगळा_गियर, त्या भंगारवाल्याकडे टवेराचं मागचं दार दिसलं तर सांगा, २००५ची, पांढरं असेल तर उत्तम. भावाची गाडी अजून चालू आहे, आता भाजी वाहते. मागची बाकडी काढून टाकलीत. आणि हो, २०१३ला त्या १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या होत्या, धुराच्या चाचणीच्या भानगडीत, त्यात आमचीही होती. त्या दिवशी घरी सुतक असल्यासारखं वातावरण.

चहाटळ
भाजी पण तेरा क्विंटल का?

वेगळा_गियर
@घाटमाथा दार आहे, पण चंदेरी. काच शाबूत. रविवारी जाणार आहे, काढून ठेवायला सांगू का? रंगाचे वेगळे पडतील.

घाटमाथा
सांगा सांगा. रंग कोथिंबिरीला कुठे दिसतो.