दोघंही नोकरीला, मुलीला घरी शिकवायचंय: दिवस कसा बसवायचा?

सायली_क:
मुलगी ८ वर्षांची, मराठी माध्यमातून तिसरी झाली. जूनपासून चौथी घरीच करायचं ठरतंय. मी ९ ते ६ नोकरीवर, तिचे बाबा दुपारी १ ते रात्री ९. सासूबाई घरी असतात. मराठी वाचन उत्तम, गणित-इंग्रजी जमत नाही. रोज किती वेळ लागेल, दुपारी तिने काय करायचं? आणि पुढे दहावीचं काय?

पाटीपुस्तक:
नवा भाग सकाळीच, बाबांनी शिकवायचा. ९ ते १०: ४० मिनिटं गणित, २० मिनिटं इंग्रजी. दुपारी फक्त आधी आलेल्या गोष्टींचा सराव, अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन तुकडे. संध्याकाळी तुम्ही २० मिनिटं तपासायचं. चौथीला एवढं पुरतं, कारण हजेरी, रांगा, बाकीच्यांसाठी थांबणं यात जाणारा वेळ घरी वाचतो. रात्री जेवणानंतर नवीन काही काढू नका. मूल पेंगलेलं, तुम्ही दमलेल्या, रडारडच होते.

दुपारी दहा गणितं एकदम सोडवू देऊ नका. पहिल्या दोनांचा फोटो आजींच्या फोनवरून तुम्हाला यायचा, ‘बरोबर’ म्हणालात की पुढची. ८१६ ला ४ ने भागताना मुलं मधलं शून्य गाळून २०४ ऐवजी २४ लिहितात. ही चूक दहादा गिरवली की हातात बसते, मग मोडणं जड जातं. २४ × ४ = ९६ असा ताळा करायची सवय लावा, म्हणजे चुकलंय हे तिचं तिलाच कळेल.

रविवारी तासभर बसून सोमवार ते शुक्रवारचे पाच फोल्डर भरून ठेवा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, तरी छापीलच घ्या. अभ्यासासाठी फोन हातात दिला की पाच मिनिटांत व्हिडिओ सुरू होतात.

ओसरी:
आजींना शिकवायला नको, ऐकायला बसवा. मुलीने मोठ्याने वाचायचं, अडखळली त्या शब्दाखाली आजींनी पेन्सिलीने रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी बाबांनी तेवढेच शब्द घ्यायचे. चौथीचा शिवरायांचा इतिहास तर आजींबरोबरच वाचावा. किराण्याची यादी, भाजीचा हिशेब मुलीकडेच द्या. उत्तरं मात्र आजींच्या हाती ठेवू नका. नात अडली की सांगून टाकायचा मोह कुणाला आवरत नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. आजी आजारी पडल्या किंवा गावी गेल्या तर साडेबारा ते साडेसहा मुलीजवळ कोण? या वयाचं मूल दुपारभर एकटं ठेवू नये. शेजारच्या काकू, मावशी, पाळणाघर, जे असेल ते आत्ताच पक्कं करा. ते जमत नसेल तर यंदा शाळा सोडवू नका.

सायली_क:
पाळणाघराशी बोलते. शाळेतून दाखला लगेच काढावा का?

कागदपत्रे:
काढा, आणि मूळ प्रत जपून ठेवा. पुढे राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता खाजगीरीत्या दहावीला बसण्याचा) भरायचा झाला तर तोच मागतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शिक्षणाची वेगळी तरतूद नाही. त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात नाव येऊ शकतं. मुलीच्या कामाचे दर महिन्याचे तारीख घातलेले चार-पाच नमुने फाइलला लावत जा, विचारणा झाली तर दाखवता येतात. त्याच कायद्याने ६ ते १४ वयात मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे नाही जमलं तर परतीची वाट आहे.

दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त शालेय शिक्षण मंडळ, सोयीचं. वय १४ पूर्ण हवं, पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक-दोनदोन विषय देता येतात. गृहपाठाला २० टक्के भार असतो. तो वेळेत न दिल्याने गुण हकनाक जातात. विज्ञान घेणार असाल तर प्रात्यक्षिकं घेणारं अभ्यासकेंद्र घराजवळ आहे का, हे नोंदणीआधी बघा.